पायरी ओळखणारी परीक्षा

परीक्षा हा शब्द कानांवर पडतांच सुशिक्षित घरांतलें वातावरण पालटतें. मुलें अबोल होतात, आया सणसमारंभ पुढें ढकलतात, आणि पाहुणेही त्या घराचा रस्ता कांहीं दिवस टाळतात. याचें कारण उघड आहे. समाजानें परीक्षेला आजवर जें काम दिलें तें मुख्यतः न्यायाधीशाचें. वर्ष संपतें, अभ्यास संपतो, आणि मग परीक्षा येऊन निकाल सांगते. निकाल लागल्यावर चुकलेल्या गणिताकडे कोणी वळून पाहत नाहीं. कारण तोंवर वर्गही पुढें गेलेला असतो आणि पुस्तकही.

परंतु परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. वैद्य नाडी पाहतो ती औषध ठरविण्यासाठीं. तसेंच विद्यार्थी कोणत्या पायरीवर उभा आहे हें जाणून घेऊन त्याला पुढचा प्रश्न आणि पुढचा पाठ तेथूनच द्यावा, यासाठींही परीक्षा घेतां येते. अलीकडे संगणकावर व ऑनलाइन घेतल्या जाणाऱ्या ज्या कसोट्या विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार आपले प्रश्न बदलतात, त्यांच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. यंत्र नवें असलें तरी कल्पना जुनी आहे, आणि तिचा प्रवास मोठा बोधप्रद आहे.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षरें गिरवणारा, पाढे म्हणणारा आणि मोडी वाचणारा अशीं सर्व मुलें एकाच ओसरीवर बसत. पावकी पाठ झाली कीं निमकी. न झाली तर पुन्हां पावकीच. त्या शाळांत दोष पुष्कळ होते. घोकंपट्टीला अर्थापेक्षां मान अधिक होता, छडी मुक्तपणें चाले, आणि बहुजनसमाजाच्या व मुलींच्या वाट्याला ती ओसरी सहसा येतच नसे. तथापि एक गुण नाकबूल करतां येत नाहीं: जें आलें नाहीं तें टाकून पुढें जाण्याची सक्ती तेथें नव्हती. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासेंतील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा पाहत होता. देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें काढतात हें त्यानें पाहिलें, ती रीत आपल्या शाळेंत आणली, आणि थोड्या पुढें गेलेल्या मुलानें मागच्याला शिकवावें अशी व्यवस्था बसविली. तिचा वृत्तांत त्यानें १७९७ मध्यें लंडनमध्यें प्रसिद्ध केला. अशा रीतीनें मद्रासच्या वाळूंतला धडा इंग्लंडला पोहोंचला.

एकोणिसाव्या शतकांत सरकारी शिक्षणाचा पसारा वाढला, आणि त्याबरोबर वयानुसार इयत्ता, ठरलेलें पुस्तक व वार्षिक परीक्षा हीं आलीं. इंग्लंडांत १८६२ च्या नियमावलीनें तर शाळेचें अनुदानच परीक्षेच्या निकालाशीं जोडलें. निरीक्षक येई, प्रत्येक मुलाचें वाचन, लेखन व अंकगणित तपासी, आणि त्यावरून शाळेला पैसे मिळत. परिणाम असा झाला कीं, शिक्षकाचें लक्ष मूल काय शिकलें यावरून उडून निरीक्षक काय विचारील यावर खिळलें. परीक्षा ही शिक्षणाची दासी असावयाची, ती येथें धनीण झाली.

या चौकटीला पहिला धक्का बसला तो पॅरिसमध्यें. सक्तीच्या शिक्षणामुळें सर्व प्रकारचीं मुलें शाळेंत येऊं लागलीं होतीं, आणि त्यांतील कित्येक मागें पडत होतीं. अशा मुलांची सोय कशी लावावी हें पाहण्यासाठीं फ्रेंच सरकारनें १९०४ मध्यें एक समिती नेमली. तींतील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यानें थिओडोर सिमाँ याच्या साहाय्यानें १९०५ मध्यें तीस कसोट्यांची एक मालिका तयार केली. सोप्यापासून कठिणापर्यंत तिची चढती मांडणी होती. १९०८ च्या सुधारलेल्या आवृत्तींत या कसोट्या वयानुसार लावल्या गेल्या. परीक्षकानें मुलासमोर बसावें, त्याला झेपेल अशा ठिकाणीं आरंभ करावा, उत्तरें येत असतील तर वर चढावें, अडखळल्यास खालीं उतरावें, आणि सर्वच उत्तरें चुकूं लागलीं कीं थांबावें, अशी तिची पद्धत पुढें रूढ झाली. दोन मुलांना एकच प्रश्न विचारलेच पाहिजेत असा आग्रह तेथें नव्हता. विद्यार्थ्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरविणारी ही पहिली शास्त्रीय परीक्षा होय.

बिनेचा हेतु ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मागें पडलेलें मूल ओळखून त्याला मदत करावी एवढ्यासाठीं त्यानें ही खटपट केली. बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी वस्तु आहे हें मत त्याला मुळींच मान्य नव्हतें. परंतु तो १९११ मध्यें वारला, आणि त्याचें साधन अमेरिकेंत गेल्यावर त्याला निराळेंच वळण लागलें. १९१६ मध्यें लुईस टर्मन यानें स्टॅनफर्ड विद्यापीठांत त्याची नवी आवृत्ति काढली. १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरल्यावर सुमारें सतरा लाख सैनिकांची बुद्धिपरीक्षा घेण्यांत आली. इतक्यांना एकेकट्याला बसवून विचारणें शक्य नव्हतें. म्हणून गटागटानें छापील प्रश्नपत्रिका देण्यांत आल्या. सोय झाली, पण चढउतार करणारा परीक्षक नाहींसा झाला. पुढें १९३८ मध्यें उत्तरपत्रिकांवरील पेन्सिलीच्या खुणा तपासणारें आय.बी.एम्.चें यंत्र बाजारांत आलें आणि एकाच मापाची परीक्षा अधिकच स्वस्त झाली. आपल्या मुंबई इलाख्यांतही बिनेच्या कसोट्या पोहोंचल्या. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं त्यांचें रूपांतर केलें, आणि त्यावरील त्यांचें पुस्तक १९४० मध्यें प्रसिद्ध झालें. बिने-कामत या जोडनांवानें ती कसोटी अद्याप ओळखली जाते.

मोजमाप असें एका बाजूला चाललें असतां, दुसऱ्या बाजूला कांहीं शिक्षक निराळा प्रश्न विचारीत होते. सर्व मुलांना सारखा वेळ द्यावयाचा आणि मग कोणाला किती आलें हें मोजावयाचें, याऐवजीं सर्वांना सारखें यावें असें ठरवून ज्याला जितका वेळ लागेल तितका कां देऊं नये? शिकागोजवळच्या विनेट्का या गांवांत कार्लटन वॉशबर्न यानें १९१९ पासून हा प्रयोग केला. अंकगणित, शुद्धलेखन इत्यादि विषयांचे त्यानें लहान लहान टप्पे पाडले. मूल स्वतःच्या गतीनें पुस्तकांतून शिके, स्वतःच कसोटी सोडवून पाही, आणि टप्पा पक्का झाल्यावांचून पुढें जात नसे. येथें नापास हा शब्दच निरर्थक झाला. उत्तर चुकलें तर त्याचा अर्थ 'अजून थोडा अभ्यास हवा' एवढाच राहिला.

याच सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठांतील सिडनी प्रेसी यानें एक लहानसें यंत्र बनविलें. १९२६ मध्यें त्यानें त्याची माहिती छापून प्रसिद्ध केली. यंत्राच्या खिडकींत प्रश्न दिसे आणि विद्यार्थी चार कळांपैकीं एक दाबी. एक खटका फिरविला कीं योग्य उत्तराची कळ दाबल्यावांचून पुढचा प्रश्न येतच नसे. परीक्षा घेणारें यंत्र अशा रीतीनें शिकवूंही लागलें. परंतु अमेरिकेंत आर्थिक मंदी आली, शाळांपाशीं पैसा उरला नाहीं, आणि १९३२ च्या सुमारास प्रेसीनें निराश होऊन तो नाद सोडला.

त्याची आठवण पुन्हां निघाली ती वीस वर्षांनीं. १९५३ मध्यें हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहण्यास गेला. वर्गांत कांहीं मुलांचें गणित केव्हांच सोडवून झालें होतें, कांहीं चुळबुळ करीत होतीं, आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें कोणालाच त्या वेळीं कळत नव्हतें. तपासलेली वही दुसऱ्या दिवशीं मिळावयाची. स्किनरला या दोन गोष्टी खटकल्या: सर्वांची गति एक, आणि चुकीची वार्ता उशिरा. त्यानें जें शिक्षणयंत्र बनविलें त्यांत पाठाचे इतके बारीक तुकडे केले होते कीं विद्यार्थी सहसा चुकूं नये. गति ज्याची त्याची; मार्ग मात्र सर्वांना एकच.

नॉर्मन क्राउडर यानें येथें महत्त्वाचा फरक केला. अमेरिकन विमानदलांत दुरुस्तीचें काम शिकवितांना त्याच्या ध्यानांत आलें कीं चूक टाळण्यापेक्षां चुकीचा उपयोग करणें अधिक शहाणपणाचें. त्याच्या पुस्तकांत प्रत्येक उत्तरापुढें निराळा पृष्ठांक असे. बरोबर उत्तर निवडणारा पुढच्या धड्यावर जाई. चुकीचें उत्तर निवडणारा ज्या पानावर पोहोंचे तेथें त्याच्या नेमक्या गैरसमजाचें निरसन केलेलें असे. एक उदाहरण घेतलें म्हणजे याचें मर्म कळेल. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज एखादें मूल दोन पंचमांश सांगतें. उत्तर चूक आहे, परंतु तें आंधळेपणाचें नाहीं. मुलानें अंश अंशांत आणि छेद छेदांत मिळविला आहे. त्याला आणखी दहा बेरजा देण्यांत अर्थ नाहीं. समान छेद कां करावयाचा हेंच त्याला समजावून दिलें पाहिजे. ज्या मुलाला पांच षष्ठांश हें उत्तर ठाऊक आहे पण गुणाकारांत चूक होते, त्याचा इलाज वेगळा. दोघांनाही शून्य गुण देणारी परीक्षा हा भेद पाहूंच शकत नाहीं.

शिक्षणशास्त्रांत या विचाराला भरीव पाया मिळाला तो १९६० नंतर. जॉन कॅरोल यानें १९६३ मध्यें असें मांडलें कीं विद्यार्थ्याची पात्रता म्हणजे विषय आत्मसात् करण्यास त्याला लागणारा वेळ. शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यानें १९६८ मध्यें त्यावरून प्रभुत्वासाठीं अध्यापन ही पद्धत सुचविली: प्रत्येक प्रकरणानंतर छोटी कसोटी, उणीव दिसेल तेथें निराळ्या रीतीनें शिकवणें, पुन्हां कसोटी, आणि मगच पुढचें प्रकरण. १९८४ मध्यें ब्लूमनें एक गाजलेला दावा केला. एका विद्यार्थ्यामागें एक शिक्षक दिला असतां साधारण विद्यार्थी नेहमींच्या वर्गांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांच्या पुढें जातो असें त्याच्या प्रयोगांत दिसलें होतें. मग प्रश्न उरला तो असा कीं, एकेका मुलाला एकेक शिक्षक कोणत्या देशाला परवडेल? पुढील संशोधनांत हा लाभ इतका मोठा आढळला नाहीं. कर्ट व्हॅनलेन यानें २०११ मध्यें अनेक अभ्यासांचा जो आढावा घेतला त्यांत प्रत्यक्ष शिक्षकाचा लाभ ब्लूमच्या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पण त्याच आढाव्यांत, उदाहरणाच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाचा लाभ जवळजवळ शिक्षकाच्या बरोबरीला आला, ही गोष्टही तितकीच लक्षणीय होती.

संगणकाला हें साधलें कसें? त्यासाठीं दोन विद्या एकत्र याव्या लागल्या. पहिली मापनाची. एक ते शंभरपर्यंतचा मनांत धरलेला आंकडा ओळखावयाचा असेल, तर 'पन्नासाहून मोठा आहे काय?' येथून आरंभ करून प्रत्येक वेळीं उरलेला पल्ला निम्मा केला असतां सात प्रश्नांत काम होतें. एकापासून क्रमानें विचारीत गेल्यास शंभर प्रश्नही लागतील. परीक्षेचेंही तसेंच आहे. फार सोप्या आणि फार कठिण प्रश्नांपासून परीक्षकाला कांहींच कळत नाहीं. जो प्रश्न सुटेल कीं न सुटेल अशी शंका असते तोच सर्वांत बोलका. डेन्मार्कचा जॉर्ज राश यानें १९६० मध्यें आणि अमेरिकेंत फ्रेडरिक लॉर्ड यानें त्याच काळांत या विचाराला गणिती रूप दिलें. प्रश्नाचा कठिणपणा आणि विद्यार्थ्याची तयारी हीं एकाच पट्टीवर मांडतां येऊं लागलीं. त्यामुळें दोघांना निरनिराळे प्रश्न विचारूनही त्यांची तुलना न्याय्य ठरूं शकली. अमेरिकेंतील जी.आर्.ई. ही प्रवेशपरीक्षा १९९३ पासून आणि परिचारिकांची परवाना-परीक्षा १९९४ पासून या पद्धतीनें संगणकावर घेतली जाऊं लागली. बिनेचा चढउतार करणारा परीक्षक ऐंशीनव्वद वर्षांनीं यंत्राच्या रूपानें परत आला.

दुसरी विद्या अध्यापनाची. प्रवेशपरीक्षा मोजते आणि थांबते. शिकवणाऱ्या कसोटीला मोजून पुढें काय द्यावें हें ठरवावें लागतें. इलिनॉय विद्यापीठांत १९६० मध्यें सुरू झालेला 'प्लेटो' हा संगणकी शिक्षणाचा प्रकल्प या वाटेवरचा पहिला मोठा मुक्काम. १९८५ मध्यें दोइन्यों आणि फाल्मान्य या दोघा शास्त्रज्ञांनीं ज्ञानाचा नकाशाच गणितानें मांडला. भागाकार येण्यास वजाबाकी व गुणाकार आधीं यावे लागतात. अशा सर्व अवलंबनांचा आराखडा हातीं असला म्हणजे थोड्या प्रश्नांतच मुलाला काय येतें आणि तें आतां काय शिकण्यास सिद्ध आहे हें सांगतां येतें. १९९५ मध्यें कॉर्बेट व अँडरसन यांनीं आणखी एक रीत दिली. मुलाला एखादें कौशल्य आधींच ठाऊक असण्याचा संभव, सरावानें तें येण्याचा संभव, न येतांही उत्तर अंदाजानें बरोबर पडण्याचा संभव, आणि येत असूनही हातून चूक होण्याचा संभव, अशा चार गोष्टींचा हिशेब यंत्र प्रत्येक उत्तरागणिक नवा करतें. एका बरोबर उत्तरानें तें हुरळून जात नाहीं आणि एका चुकीनें मुलाला मागेंही ढकलीत नाहीं. अनुभवी शिक्षक मनांतल्या मनांत हेंच करीत असतो.

या कसोट्यांचा आणखी एक लाभ स्मरणशक्तीचा आहे. रोडिगर व कार्पिक यांनीं २००६ मध्यें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं पुस्तक मिटून आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं पाहतां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें पाहतां पुन्हां वाचणाऱ्यांना शेंकडा ४२ आणि आठवून लिहिणाऱ्यांना शेंकडा ५६ भाग स्मरत होता. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास आहे, हें यावरून दिसतें. पुन्हां पुन्हां घेतलेली, गुणांची धास्ती नसलेली कसोटी म्हणूनच ज्ञान पक्कें करते.

आपल्या देशांत या प्रश्नाला किती तीव्र धार आहे हें दिल्लींतील एका प्रयोगानें उघड केलें. मुरलीधरन, सिंग व गनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा वृत्तांत २०१९ मध्यें प्रसिद्ध केला. सरकारी शाळांतील सहाव्या इयत्तेचें साधारण मूल गणितांत सुमारें अडीच इयत्ता मागें होतें. वर्गांत पुस्तक सहावीचें, शिक्षक सहावीचा, आणि मूल मात्र तिसरीच्या उंबरठ्यावर! शाळा सुटल्यावर कांहीं मुलांना 'माइंडस्पार्क' या संगणकी पाठांचा लाभ देण्यांत आला. हे पाठ मुलाची पायरी ओळखून तेथूनच आरंभ करीत, आणि जोडीला लहान गटांत शिक्षकाची मदतही असे. साडेचार महिन्यांत हीं मुलें, तशीच तयारी असलेल्या इतर मुलांपेक्षां, गणितांत आणि हिंदींत स्पष्टपणें पुढें गेलीं. परंतु शाळेच्या इयत्तानिहाय गणिताच्या परीक्षेंत हा फरक उमटला नाहीं. तिसरीवरून चौथीच्या पायरीवर आलेल्या मुलाची ही प्रगति सातवीच्या प्रश्नपत्रिकेला दिसणार तरी कशी? ज्या मुलानें सर्वांत मोठी मजल मारली त्याच्या हातीं शाळेनें पुन्हां तोच निकाल दिला.

यंत्रावांचूनही हें काम होऊं शकतें याचा दाखलाही इकडेच सांपडतो. मुंबईंत उदयास आलेल्या 'प्रथम' या संस्थेनें मुलांना इयत्तेऐवजीं पायरीनुसार गटांत बसवून वाचन व अंकगणित शिकविण्याची रीत रूढ केली. 'असर' या नांवानें २००५ पासून निघणाऱ्या पाहणींत स्वयंसेवक एक कागद घेऊन खेड्यांतील घरांत जातो. प्रथम तो मुलाला सोपा परिच्छेद वाचावयास सांगतो. वाचतां आला तर गोष्ट. न आला तर शब्द, आणि तेही न आले तर अक्षरें. बिनेच्या मालिकेचें हेंच सार, फक्त एका कागदावर उतरलेलें.

अर्थात् या साधनांच्या मर्यादाही आहेत. कांहीं मुलें विचार न करतां यंत्राकडून सूचनांमागून सूचना मागवून उत्तर काढून घेतात, हें संशोधकांनीं टिपून ठेवलें आहे. निबंधांतील विचाराची झेप, प्रयोगांतील हातोटी, किंवा इतिहासांतील निर्णयबुद्धि चार पर्यायांत मावत नाहीं. जेथें वीज, यंत्र व जाळें नाहीं तेथें तर हा विचारच निष्फळ. शिवाय मुलाची प्रत्येक चूक नोंदविणारें यंत्र ती नोंद कोणाच्या हातीं देतें, हाही प्रश्न आहेच. बिनेच्या कसोट्यांचें जें झालें तें याही कसोट्यांचें होऊं शकतें: मदतीसाठीं घेतलेली नोंद उद्यां मुलाला नाकारण्यासाठीं वापरली जाईल. साधन तेंच राहतें. तें कोणत्या हेतूनें हातीं धरलें यावर सर्व अवलंबून असतें.

म्हणून घराघरांतील वडीलधाऱ्यांनीं निकालपत्र हातीं येतांच किती गुण मिळाले एवढेंच विचारून थांबूं नये. मूल कोठें अडलें, कोणत्या कल्पनेपाशीं अडलें, आणि तेथून त्याला पुढें नेण्यासाठीं कोण काय करणार आहे, हेंही विचारावें. ज्या परीक्षेला या प्रश्नांचें उत्तर देतां येतें ती, कागदावर असो वा संगणकावर, शिक्षणाच्या कामीं येते. आणि जिला देतां येत नाहीं ती कितीही अचूक मोजीत असली तरी मुलाला आहे तेथेंच सोडून जाते.